सुमतीच्या बाळाचं झबलं

वहिनी गेल्याची तार मला शाळेत मिळाली. चौथीचा वर्ग चालू होता आणि फळ्यावर सकाळी मीच लिहिलेला वार होता, बुधवार. तार वाचून पहिल्यांदा मनात आलं ते असं, की बुधवारी वहिनी घर सोडून कुठे जाणंच शक्य नाही... अशा वेळी माणसाचं डोकं काहीबाही बोलतं. यवतमाळहून दिग्रसला जाणारी एसटी मिळून मी पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. भाऊ ओसरीवर बसला होता. रडून झालं, आणि मग तो म्हणाला, "शांते, तिचा डबा तुले द्याचा हाय. चार दिवसांपासून तेच बोलत होती." डबा मी आणला. पण तो उघडायला मला पाच आठवडे लागले, आणि उघडल्यावर जे कळलं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

वहिनी घाटंजीकडची. छप्पन साली लग्न होऊन आमच्या घरात आली. शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर माझ्याहून चांगलं. भाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी मुलगी झाली, तिचं बारसं व्हायच्या आत तीही गेली. त्यानंतर वहिनी कामं सगळी करायची, बोलायची मात्र नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर, तेही मानेनं. भावाला काय सुचलं कोण जाणे, त्यानं बॅटरीवर चालणारा रेडिओ आणला. आई म्हणाली, "घरात पाळणा हालेना अन् याले गाणी आयकाची हायत."  अंगणातल्या कडुनिंबाला बांबू बांधून भावानं एरियलची तार ओढली.

त्या रेडिओवर दर बुधवारी संध्याकाळी एका बिऱ्हाडाची गोष्ट लागायची, 'सात नंबरचं बिऱ्हाड'. त्यातली सून सुमती, तिची खाष्ट सासू, सतत खोकणारा सासरा. पहिल्या दोन बुधवारी वहिनी नुसती ऐकत बसली. तिसऱ्या बुधवारी सासूनं सुमतीला टाकून बोलल्यावर वहिनी एकदम म्हणाली, "काहून बोलून राह्यली हे बुढी तिले?" कितीतरी महिन्यांनी आपणहून काढलेला तो पहिला शब्द. आई स्वयंपाकघरात होती, तिनं डोळ्यांना पदर लावला आणि त्यानंतर रेडिओला कधी नावं ठेवली नाहीत.

कुणी तिकिटं जमवतं, कुणी जुनी नाणी. आमच्या वहिनीनं ते बिऱ्हाड जमवलं. चहाचा पत्र्याचा मोठा डबा होता, त्यात ती एकेक वस्तू ठेवायची आणि प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची. पेपरात आलेला सुमतीचं काम करणाऱ्या बाईंचा फोटो. त्यांच्याकडून आलेलं, सही असलेलं कार्ड. कार्यक्रमांचे छापील कागद. एक संपलेली बॅटरी, विटेएवढी जड, तिची चिठ्ठी अशी: 'सासू नरम आली त्या दिवशीची. अर्धंच आयकू आलं.' एक फुटकी बांगडी: 'सुमती जिन्यावरून पडली तवा फुटली.' मी सुट्टीत घरी आले की चिडवायची, "वहिनी, आता सासऱ्याचा खोकला तेवढा बाटलीत भरायचा राहिला." ती हसायची. तिला हसवण्यासाठी मी काहीही बोलले असते.

मग सुमतीला दिवस गेले. सातवा लागला तसं गल्लीतल्या बायकांनी ठरवलं की डोहाळजेवण करायचं. कुणाचं? तर सुमतीचं! पाटावर रेडिओ ठेवला, भोवती रांगोळी काढली, वर हिरवा खण घातला. आई म्हणाली, "त्या पेटीले दिवस गेले का वं माय?" बायका हसून लोळल्या, आणि नंतर आईनंच उठून पेटीला कुंकू लावलं, खणावर गहू-नारळ ठेवले. मागच्या वस्तीतली गंगाबाई दर बुधवारी अंगणात बसून ऐकायची. तिच्या घरानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली. ती म्हणाली, "आमी ओटी नाई भरत आता. पण लेकरू तं लेकरूच हाय," आणि तिनं जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं शिवून दिलं. वहिनीनं स्वतःच्या डोहाळजेवणातलं हिरवं पातळ कापलं आणि त्याचं झबलं शिवलं. 

झबलं आणि दुपटं सुमतीला टपालानं पाठवायचं ठरलं. पार्सलवर पत्ता लिहायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "त्या बाईंचं खरं नाव लिहा, सुमती नावाचं तिथं कुणी नसतं." वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच खुळी. "मले मालूम हाय, ताई. पण झबलं का त्या बाईले द्याचं हाय? सुमतीले द्याचं हाय." आणि तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सौ. सुमती, सात नंबरचं बिऱ्हाड,' आणि खाली नागपूरच्या रेडिओ केंद्राचा पत्ता.

दीड-दोन महिन्यांनी गोष्ट बंद झाली. न सांगता, मधेच. बुधवारी त्या वेळेला दुसरंच काहीतरी लागलं. सुमतीचा नववा लागलेला होता. भावाचं मला पत्र आलं, की ती पुन्हा बोलेनाशी झाली आहे, जेवणावरची वासना उडाली आहे. एकच वाक्य म्हणते, 'लेकरू झालं का नाई, येवढं तं सांगाले पायजे होतं.' ते पत्र वाचून मी घाबरले. पहिल्या वेळी रेडिओनं तिला परत आणलं होतं. या वेळी कोण आणणार?

मी एक कार्ड घेतलं आणि डाव्या हातानं लिहिलं: 'सौ. सुमतीचा नमस्कार. मला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहोत. तुमचं झबलं तिला अगदी बरोबर बसलं. काळजी करू नये, वेळेवर जेवत जावं.' शाळेतल्या एक बाई नागपूरला निघाल्या होत्या, त्यांच्याकडून ते तिथल्या पेटीत टाकलं, म्हणजे शिक्कासुद्धा बरोबर पडावा! आठवड्यानं भावाचं पत्र आलं. वहिनीनं गल्लीत साखर वाटली होती. त्या दिवशी ती जेवली होती.

मला किती बरं वाटलं, आणि किती वाईटही. सासरी-माहेरी जिला कुणी फसवलं नाही, तिला मी फसवलं. पुढे दर दिवाळीला मी गेले की वहिनी डब्यातून ते कार्ड काढायची, वाचायची, आणि म्हणायची, "आता चालाले लागली असंन." एका वर्षी म्हणाली, "आता बोलत असंन, नाई का, ताई?" पुढच्या एका दिवाळीत, "आता शाळेत जात असंन." मी मान हलवायची आणि आत पाणी प्यायला जायची. वहिनीला पुन्हा मूल झालं नाही. खरं सांगावं असं शंभरदा ओठांवर आलं. पण तिच्या तोंडावरचा तो आनंद बघून धीर व्हायचा नाही. आठ वर्षं मी ते ओझं वागवलं आणि मनात स्वतःला मोठी समजत राहिले, की मी हिचं मन जपते आहे.

मागच्या बुधवारी डबा उघडला. वर फोटो, कार्यक्रमांचे कागद, बॅटरी, बांगडी. तळाशी एक पुडकं होतं. त्यावर वहिनीचंच अक्षर, 'सौ. सुमती', आणि त्यावर आडवा शेरा, 'अशी व्यक्ती येथे नाही. परत.' आत गंगाबाईचं दुपटं, आणि दुपट्यात गुंडाळलेलं हिरवं झबलं, एकदाही न घातलेलं. चिठ्ठी होती: 'सोमवारी परत आलं. कोनाले सांगतलं नाई.'

झबल्याच्या आत माझं कार्ड होतं. मी ते वाचलं. 'तुमचं झबलं तिला अगदी बरोबर बसलं'... आणि खाली, 'वेळेवर जेवत जावं.' ही बाई जेवत नाही, हे त्या सुमतीला कुणी सांगितलं, एवढंही मला लिहिताना सुचलं नव्हतं. कार्डाला बांधलेल्या चिठ्ठीवर तीन ओळी होत्या.

'बुधवारी आलं. अक्षर ताईचं.

मुलगी झाली.

साखर वाटली.'