धान परत करणारी बाई

दाण्यावर दात ठेवल्याशिवाय ती कुणाचं काही घेत नसे. समोरच्यानं पोतं उघडलं की बाई कोपरापर्यंत हात आत घालायची, तळातलं मूठभर धान वर काढायची आणि त्यातला एक दाणा पुढच्या दातांत धरायची. कट्‌ असा आवाज आला तर म्हणायची, "बरं आहे. बांध." नाही आला तर, "नाई. वापस ने." देणारा कुणीही असो, सहसा तिसरं वाक्य नसायचं.

तुम्ही म्हणाल, बिचारा आपणहून देतोय, त्याला वापस काय पाठवायचं? मीही हेच म्हटलं होतं. वैनगंगेच्या पट्ट्यात एका तालुक्याच्या गावी, तिथल्या कॉलेजात मी तेव्हा नवीन लागले होते. टेबलावर माझ्या नावाखाली 'दाता संपर्क अधिकारी' अशी पाटी होती. नागपूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. देणाऱ्याला नाराज करू नये, दिलेलं परत करू नये, आभाराचं पत्र दोन दिवसांत जावं, हे सगळं वहीत लिहून आणलं होतं. आणि बाई? बाई मुलींच्या वसतिगृहाची स्वयंपाकीण. पण मार्गशीर्ष लागला, गावोगाव धान चुरायला, म्हणजे मळायला, सुरुवात झाली, की ती कॉलेजच्या जुन्या जीपमध्ये बसून खळ्याखळ्यावर फिरायची. वसतिगृहाचं वर्षाचं धान असं गावांतून यायचं. गावातले तिला 'धानवाली बाई' म्हणत.

पहिल्याच फेरीत तिनं एका सरपंचाचं पोतं परत केलं. खळ्यावर अख्खं गाव जमलेलं. दाणा दाताखाली चेपला, आवाज आला नाही. बाईनं तो थुंकला आणि म्हणाली, "हे पोचं धान काऊन देऊन राह्यला गा? तुह्या पोट्टीले चारशील का?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आता हा माणूस संस्थाचालकांना फोन करणार, माझी नोकरी जाणार! दुसऱ्या दिवशी सकाळी तोच सरपंच स्वतः ट्रॅक्टर चालवत वसतिगृहाच्या दारात आला. दोन पोती आणली होती, दोन्ही भरल्या दाण्याची. पुढे वर्षानुवर्षं तो चारचौघांत सांगायचा, "बाईनं माह्यं पोतं वापस केलं होतं बरं!" एखाद्यानं बक्षीस मिळाल्याचं सांगावं तसं.

तिचं आणखी एक वाक्य होतं, "आंदी इचाराचं, मंग मागाचं." खळ्याच्या कडेला चपला काढून ती मांडी घालून बसायची आणि विचारायला लागायची. गाय व्याली का? मायचे गुडघे कसे आहेत? रानडुकरं किती बांध्यांत शिरली? मोठ्या सुनेचं आणि धाकट्या सुनेचं जमलं का एकदाचं? मी जीपपाशी घड्याळ बघत उभी. अर्धा तास झाला तरी धानाचं नाव नाही. शेवटी तो माणूसच उठायचा आणि पोतं ओढत आणायचा. मागायची पाळी बाईवर आलेली मी पाहिली नाही.

एकदा एका एकट्या म्हातारीनं ओंजळभर धान पुढे केलं. मी शहाणपणा केला. "राहू द्या आजी, तुम्हालाच लागेल," असं गोड आवाजात म्हटलं. म्हातारीचा चेहरा उतरला. बाईनं पदर पसरून ओंजळ घेतली, त्यातला दाणा चावून पाहिला, "बरं आहे" म्हणाली आणि ते धान सगळ्यांच्या पोत्यात ओतलं. मग जीपमध्ये बसल्यावर माझ्यावर जी कडाडली! "तिचा हात मागं करनारी तू कोन? सरपंच देते अन् थे नाई देऊ शकत, असं गावासमोर सांगून राह्यली तू तिले!" एरवी ती मला मॅडम म्हणायची. चिडली की मी 'तू' व्हायचे.

जंगलाच्या आतल्या एका गोंड पाड्यावर ती चार वर्षं नुसतीच जात होती. तिथं नवं धान आधी देवाला दाखवतात, मग घरचे खातात. ते होईपर्यंत बाई त्या बाजूला फिरकायची नाही. गेली की एका घरी जोहार करून बसायची, बैलांची चौकशी करायची, मोहफुलांचं विचारायची आणि उठून यायची. पाचव्या वर्षी त्या घरच्या माणसानं बैलगाडीत धानाचं पोतं घातलं, पोत्यावर पत्र्याची पेटी ठेवली, पेटीवर आपल्या मुलीला बसवलं आणि गाडी थेट वसतिगृहात आणली. "हे बी ने अन् हे बी ने," इतकंच म्हणाला. मुलीचं नाव मैना. त्या पाड्यातून शाळेसाठी बाहेर पडलेली ती पहिली मुलगी. बाईनं आधी पोत्यातला दाणा चावला, मग मैनाच्या गालाला हात लावला. अकरावीत गेली तेव्हा मैना म्हणायची, मी नर्स होऊन पाड्यावरच येईन.

शिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा हा बाईचा सण. उपास सुटला की दुसऱ्या दिवशी नदीच्या वाळूत चुली मांडायच्या, धान देणाऱ्या घरांनी पंगतीला बसायचं आणि वसतिगृहातल्या मुलींनी वाढायचं. त्यांच्याच धानाचा भात, वर लाखोळीच्या डाळीचं वरण. भाषण नाही, हार नाही. पंगतीतले लोक नावं ठेवायचे. भात गिजगा झाला, वरणात मीठ नाई. मुली लाजायच्या, बाई खूश व्हायची. "बोलू दे. घरचा मानूसच नावं ठेवते," म्हणायची. मैनाच्या बापानं एकदा तिसऱ्यांदा भात मागितला आणि मैनानंच तो वाढला. मान खाली घालून तो किती वेळ जेवत होता, ते मी पाहिलं आहे.

आता रागाचं लिहिते. इतका वेळ आवरून धरला होता.

एका मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीला मी गाठलं. मीच, दुसऱ्या कुणी नाही. सहा महिने त्यांच्या अधिकाऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, सुंदर अहवाल पाठवले, मुलींची हसरी छायाचित्रं पाठवली. कंपनी वसतिगृहाचं सगळं जेवण उचलायला तयार झाली. अट एकच होती. स्वयंपाकघरावर फक्त त्यांची पाटी असेल आणि धान्य त्यांच्याच गाडीतून येईल. गावातून गोळा केलेलं पोत्यातलं धान बंद. संस्थेच्या सचिवांनी मला पेढा भरवला.

पाहुणे आले त्या दिवशी बाईनं पहाटेपासून रांधलं. पाहुण्यांनी चंद्रपूरच्या हॉटेलातून डबे आणले होते. ते गाडीच्या काचा वर करून आतच जेवले. बाईनं जाऊन काच ठोठावली. "पाहुने, पानं वाढली आहेत." आतली मुलगी गोड हसली, "आमचं पोट जरा नाजूक आहे." नंतर त्यांना फोटो हवा होता, रिकामी ताटं हातात धरून रांगेत उभ्या मुलींचा. बाई मधे येऊन उभी राहिली. "आमच्या पोट्ट्या ताट घेऊन उभ्या नाई राहात. त्या बसतात, आपन वाढतो." सचिवांनी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. फोटो निघाला. त्या रांगेत मैनाही होती. पुढे तो फोटो मीच अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला. काय बघून छापला असेल मी!

पाहुणे गेल्यावर बाई मला म्हणाली, "जो आपल्या घरी जेवत नाई, त्याच्या भरवशावर घर नोको चालवू. अन् ध्यानात ठेव, धान बंद केलं तं पोट्ट्या बी बंद होतील."

"त्या कशा बंद होतील, बाई?"

"ज्या घरचं धान इथी आहे, त्या घरची पोट्टी इथी मालकीन आहे. धान नाई तं थे पाहुनी. अन् पाहुनीले मायबाप लोकाच्या घरी किती दिवस ठेवन?"

मी हे सचिवांना गंमत म्हणून सांगितलं. आम्ही दोघं हसलो. एम.ए. झालेली मी आणि वकील झालेले ते, एका स्वयंपाकिणीला हसलो.

मग मी गावांना पत्र लिहिलं. 'आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल संस्था कृतज्ञ आहे. यापुढे आपणांस तसदी देण्याची आवश्यकता भासणार नाही.' सोबत रंगीत आभारपत्र जोडलं. बाईनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. "म्हंजे येऊ नोका म्हनून राह्यली ना तू त्याह्यले?" मी म्हटलं, "बाई, तसं नाही." "तसंच आहे. मंग तूच वाट." कुठल्याही गावात न जाता ती पत्रं मी पोस्टात टाकली.

महिन्याभरात बाईचं वय संस्थेच्या लक्षात आलं. इतकी वर्षं कुणाला दिसलं नव्हतं ते अचानक दिसायला लागलं. शाल, श्रीफळ, सचिवांचं पाऊण तास भाषण, त्यात 'अन्नपूर्णा' हा शब्द सतरा वेळा. बाईला बोलायला सांगितलं तर म्हणाली, "भात लागन खाली, मी जातो." आणि खरंच गेली. मी मागोमाग गेले. घडी घातलेल्या शालीनं धरून ती चुलीवरचं गरम पातेलं उतरवत होती. दुसऱ्या दिवशी बसनं ती आपल्या गावी निघून गेली. शाल स्वयंपाकघरातच राहिली. तिच्यावर काजळीचे दोन हात उमटले होते.

पहिल्या वर्षी चार-पाच मुली दिवाळीनंतर परत आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी खोल्याच रिकाम्या पडायला लागल्या. आम्ही अहवालात 'गळती' असा शब्द घातला. छपरासारखं काहीतरी आपोआप गळतं, आपला त्यात काय दोष! कोण गेलं, कोण राहिलं, ती यादी माझ्या कामाची नव्हती म्हणून मी पाहिली नाही. मैना बारावी होऊन नर्सिंगला गेली असेल असं मी धरून चालले होते. मग कंपनीची मेल आली. 'आपल्या सहकार्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. यापुढे आमचा भर अन्य क्षेत्रांवर असेल.' भाषा ओळखीची होती.

सचिव म्हणाले, "गावांकडे जा. तुमचे संबंध आहेत." माझे!

मी आधी बाईच्या गावी गेले, तिला सोबत घ्यायला. पाया पडायची तयारी करून गेले होते. दाराला कुलूप. शेजारीण उंबऱ्यावर लाखोळी निवडत होती. तिनं वरदेखील पाहिलं नाही. "बाई गेली ना पावसाळ्यात. तुमच्या ऑफिसात फोन केला होता आमच्या पोट्ट्यानं. कोनी आलं नाई. गावोगावचे मानसं आले मातीले, पाड्यावरचे आले. तुमचं कोनी नाई."

आमच्याकडे असे फोन घ्यायचं काम संपर्क विभागाचं, म्हणजे माझं, असतं.

तिथून जीप तशीच जंगलात घातली. मैनाचा बाप खळ्यावर होता. मी चपला काढल्या, कडेला उभी राहिले, जोहार केला. पण मला बसवेना. त्याच्या डोळ्याला डोळा देऊन गुरांची, घरच्यांची विचारपूस करण्याचं तोंड मला नव्हतं. कधी एकदा हे उरकतं असं झालं होतं. मी म्हटलं, "दादा, यंदा वसतिगृहाला धान द्याल का?"

त्यानं आत जाऊन एक पोतं ओढत आणलं, माझ्यापुढे उघडलं आणि हात बांधून उभा राहिला. मी 'धन्यवाद' म्हणणार होते. तो वाट बघत होता. मग मला कळलं तो कशाची वाट बघतोय ते. मी कोपरापर्यंत हात घातला, तळातलं धान वर काढलं, एक दाणा दाताखाली धरला.

आवाज आला नाही. आत काहीच नव्हतं. दुसरा चावला, तिसरा चावला. सगळं पोतं पोचट. हे त्याला माहीत होतं.

त्या क्षणी माझ्या तोंडून बाईचंच वाक्य निघालं. "नाही दादा, हे परत न्या. हे तुम्ही आपल्या मैनाला चाराल का?"

तो पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "मैना तं दोन वर्सं झाले घरीच आहे, मॅडम. तुमाले मालूम नाई?"

खळ्याच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण बाई वाऱ्याकडे पाठ करून धान पाखडत होती. मी आल्यापासून तिला पाहत होते आणि ती मैना आहे हे ओळखलं नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं नाही. नुसती मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाखडायला लागली.