भरल्या पानावरून

धोंडूमामांनी वरणभात कालवला होता. लिंबू पिळलं होतं. पहिला घास बोटांत, तोंडाशी. तेवढ्यात वहिनी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"पूर्ण नाव काय तुमचं?"

मामांनी सांगितलं. आडनावासकट. लपवायची सवयच नव्हती त्यांना.

"अच्छा. मग असं करा ना, तुमची अरेंजमेंट खाली पार्किंगमध्ये आहे. ही फॅमिली पंगत आहे."

मामांनी घास पानात परत ठेवला. "चुकलं माझं, वहिनी," म्हणाले. आणि उठले. भरल्या पानावरून.

शेजारच्या चिमुरडीनं आईला विचारलं, "मम्मा, व्हाय इज अंकल क्राइंग?"

"ईट युवर फूड," आई म्हणाली.

दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका बिल्डिंगचा पार्टी हॉल. मराठी मंडळींचा गणपती. हॉल एवढा गार की आरतीतली ज्योत शाल मागत होती. आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे साहेब तेच मंडळाचे अध्यक्ष. वहिनी म्हणजे त्यांची बायको. आम्ही त्यांच्याच लेबर कॅम्पातले. दरवर्षी स्टेज आम्ही बांधायचो, ढोल आम्ही वाजवायचो. मी ढोलावर टिपरू घातलं की समोरच्या टॉवरच्या चाळिसाव्या मजल्यावर गोऱ्याची कॉफी सांडायची. खोटं वाटत असेल तर त्या कॉफीला विचारा.

मामा गवंडी. कोकणातले. आरतीला मृदंग त्यांचा. त्यांच्या वाडीत रीत अशी की मृदंग वाजवणाऱ्याला पहिल्या पंगतीला बसवायचं. मामांना वाटलं, गणपती तोच, तर रीतही तीच असणार. रिकामं पान दिसलं, बसले. एवढाच गुन्हा.

विमानतळावर बॅगेतलं लोणचंसुद्धा हुंगतात. पण माणसं नाकात भरून जात घेऊन येतात, ती कुठल्या मशिनला दिसत नाही.

मी तेव्हा ताक वाढत होतो. हातातली बादली खाली ठेवली. राग म्हणा, भीती म्हणा. दोन्ही एकाच ताटात होती.

"साहेब, मामांना परत बसवा. नाहीतर आम्ही सगळेच निघतो."

"सणाचा दिवस आहे. तमाशा करू नको," साहेब हळूच म्हणाले. "कुणाचं खातोस, विसरलास?"

"आज तर अजून कुणाचंच खाल्लं नाही, साहेब."

निघालो. सगळे. त्या वर्षी मंडळाचा गणपती मोबाईलवरच्या ढोलावर गेला.

हसलात ना? मीही इथंपर्यंत हसवतच सांगतो नेहमी. पुढचं हसवून सांगता येत नाही. लई वेळा करून बघितलं.

महिना भरायच्या आत मामांचा व्हिसा कॅन्सल. खलास. मलाही काढलं, पण शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजनं उचललं. मामांना कोण उचलणार? वय झालेलं. एअरपोर्टवर मला म्हणाले, "तू कशाक रे बोललास? मी जेवलो असतंय खाली." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

गावी गेले ते कुणाच्या लग्नाला जेवले नाहीत. बाराव्याला जेवले नाहीत. सून फोनवर रडायची. "जेवताना दाराला आतून कडी लावतात हो. आम्हालाही आत घेत नाहीत." तसेच गेले. कडी लावून जेवता जेवता. दार फोडावं लागलं.

माझं डोकं त्या दाराशी उघडलं.

इथं युनियन हा शब्द चालत नाही. म्हणून मी भजनी मंडळ काढलं. मला सूर कळत नाही, मी गायला लागलो की रास अल खोरच्या खाडीत एका पायावर झोपलेले फ्लेमिंगो दोन्ही पाय खाली टेकतात. पण दोन अभंगांच्या मध्ये विचारता येतं: पासपोर्ट कुणाचा अडकलाय? दुपारच्या उन्हाच्या सरकारी सुट्टीत कुणाला कामाला जुंपलंय? कोण आजारी पडून खोलीत पडलाय? कॅम्प कॅम्प फिरलो. टाळ कुटत कुटत पोरांना बोलायला शिकवलं. केस पांढरे झाले त्यात. बायको गावी एकटीच म्हातारी झाली.

आणि परवा साहेबांच्या लेकीचा फोन. आता मंडळ ती चालवते.

"काका, तुमचं कम्युनिटी वर्क अमेझिंग आहे. आम्हाला तुमचा सत्कार करायचाय. शाल, श्रीफळ, सगळं."

"आधी तुझ्या बाबांनी माईकवर सांगायचं, धोंडूमामांना पानावरून उठवलं ते. आणि माफी मागायची."

"काका, ती किती जुनी गोष्ट! बाबा आता खूप थकलेत."

"मामा थकायलाही उरले नाहीत, पोरी."

तिनं फोन ठेवला. मी मात्र सगळ्या कॅम्पांत निरोप धाडला. मंडळाचं स्टेज बांधायला यंदा कुणी जायचं नाही. पुढच्या वर्षीही नाही. पोरांनी मान डोलावली. मोठ्या घरांतून मला शिव्या पडताहेत, म्हातारा सणात मिठाचा खडा टाकतो म्हणून. टाकतो. मामा परत येणार नाहीत, ते मला कळतं. माफीनं त्यांची कडी निघणार नाही, तेही कळतं.

तरी माफी पाहिजे. सगळ्यांसमोर, नाव घेऊन. मी जिता आहे तोवर ही गोष्ट कुणाला जुनी म्हणू देणार नाही.