चपलांचा नंबर

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आम्ही चपलांनी नंबर लावतो. माणसं सावलीला अनवाणी बसतात, रांगेत चपला उभ्या राहतात. भिंतीवर नवा फ्लेक्स लागलाय: देशाच्या आरोग्यसेवेचा पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा. मागच्या आराखड्याचा फ्लेक्स अंथरून आम्ही त्यावर बसलो होतो.

एक पेशंट आत गेला, तशा शेजारच्या आजींनी आपल्या चपला पुढे सरकवल्या आणि सोबत कुणाच्या तरी झिजलेल्या वहाणाही.

"या कुणाच्या, आजी?"

"मघाशी छातीत कळ आली म्हणून जीपमधून शहरात नेला ना, त्याच्या. इथंच राहिल्या."

"मग सरकवताय कशाला?"

"माघारी आला तर नंबर नको जायला त्याचा."

आराखडे आखणाऱ्यांना आपण असेच दिसत असू. शिस्तीत, ओळीनं, दर वर्षी वीतभर पुढे. चपलेत पाय आहे की नाही, हे तिथून कुठलं दिसायला!

दुपारी जीपवाला एकटाच परतला. "माणूस वाटेतच गेला," म्हणाला. आजींनी पदर डोळ्यांना लावला. पण त्या वहाणा रांगेतून काढायला कुणाचा हात धजेना. मागची माणसं त्या पुढे सरकवत राहिली.

डॉक्टर उठून गेले, दाराला कुलूप लागलं, तेव्हा पहिला नंबर त्याचा होता.