वळणावर पाय उचलणारे शेजारी

आमचे शेजारी रोज आमच्याकडे कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळायचे. भर वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचंही बूड बाहेर फिरतं. त्यांना तेच आवडायचं. "पाहा भाऊ, कशी नाचते." माझी गाडी मात्र कायम झाडात.

श्रावणात त्यांच्या गाडीतून जाताना मूल गावाकडच्या जंगलातल्या ओल्या रस्त्यावर, वळणातच चितळ आडवं आलं आणि खऱ्या गाडीतही त्यांचा पाय उचलला गेला. गाडी गर्रकन फिरून आलो त्या दिशेला तोंड करून थांबली. मागे बसलेल्या त्यांच्या बायकोला खरचटलंही नाही. ओरडलो तो मीच.

त्यानंतर ते खेळायला आले नाहीत. परवा त्यांना आग्रहानं बसवलं. प्रत्येक वळणाआधीच ते गाडी अगदी हळू करायचे; सगळ्या गाड्या त्यांच्या पुढे निघून गेल्या.

"गेम हाये भाऊ," मी म्हटलं.

"मालूम हाये. पण मांगं बायको बसून हाये, असंच वाटते."