'टेक' या क्रियापदाचे मुराळी

आदरणीय नागनाथ शेटे सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात मी लिहावं, हे कुणी ठरवलं देव जाणे. सर मला अजून नीट उमगलेले नाहीत. पहिली ओळख परळीच्या शाळेत, आठवीत झाली. सरांनी फळ्यावर इंग्रजी 'टेक' लिहिलं आणि गोळी घेणं, फोटो काढणं, बस धरणं, वेळ लागणं, सगळं त्यातच कोंबलं. मी विचारलं, "सर, मग खरा अर्थ कोणता?" सर म्हणाले, "कोण कुणाला म्हणतंय, ते आधी सांग." आज बीडच्या कोर्टासमोर माझं भाषांतराचं दुकान आहे, तरी 'टेक' दिसला की मी आधी तोच प्रश्न स्वतःला विचारतो.

सरांचं इटालियनही असंच नवलाचं. साखर कारखान्यात यंत्र बसवायला एक इटालियन गृहस्थ आले होते. त्यांना आपलं तिखट सोसेना. सरांच्या मंडळी त्यांच्यासाठी रोज वेगळं वरण करायच्या आणि ते जेवता जेवता सरांना भाषा शिकवायचे. परळीत राहून या भाषेचं सर करणार काय, हे मला कळत नव्हतं. शेवटी तिची गरज पडली माझ्याच घरात.

धर्मापुरीच्या माझ्या पार्वती मावशीची सुषमा इटलीत नर्स आहे. लग्नही तिकडच्याच मुलाशी झालं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, म्हणून मावशीचा जीव तुटत होता. जावयांनी आईजवळ विषय काढला, तर विहीणबाई भडकल्या. आमच्याकडे दवाखाने नाहीत का, सून कशाला नेताय, म्हणाल्या. सुषमा फोनवर रडायची. पण सुनेनं आपल्या तोंडानं 'मला माहेरी पाठवा' कसं म्हणावं? माहेरूनच विहीणबाईंना त्यांच्या भाषेत निरोप जायला हवा, म्हणून मावशीनं मलाच धरलं. "कोर्टाचे एवढाले कागद करतो, माझ्या लेकीचं एक वाक्य व्हत न्हाई व्हय तुज्यानं?"

'आम्ही सुषमाला बाळंतपणाला नेऊ इच्छितो' असं इंग्रजी वाक्य, अर्थात 'टेक' घालून, मी तयार केलं आणि त्याचं इटालियन करून घ्यायला मावशीसह सरांकडे गेलो. पाच मिनिटांचं काम, असा माझा हिशेब. सरांनी सबंध दुपार खाल्ली. एका इटालियन क्रियापदात म्हणे पोरगी हिसकावल्यासारखी वाटते, दुसऱ्यात सामान हलवल्यासारखी, तिसऱ्यात तिला नुसती फाटकापर्यंत सोबत केल्यासारखी. माझं डोकं भणाणलं. "सर, कुठलंही एक टाका हो!"

सर चिडलेच. "मावशीच्या पहिल्या बाळंतपणाला आणायला मुराळी कोण गेलतं?"

सासरी जाऊन लेकीला माहेरी घेऊन येतो तो मुराळी. त्याचा इटालियनशी काय संबंध, हे मला समजेना. मावशीच म्हणाली, "दादा गेलता की. ओसरीवर बसला, पाहुणचार घेतला, दोन दिस ऱ्हायला, मंग ईचारलं सासूला."

"आणि इथं?" सर म्हणाले. "इथं कुणी गेलंच नाही. नुसता हुकूम चाललाय."

त्यांनी शब्दकोश मिटला, धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि मला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. जावयांनी तिकडे फोन आईसमोर धरला. मग जे बोलणं झालं, त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. विहीणबाई आधी तोंड फुगवून होत्या, मग हसल्या, मग डोळे पुसू लागल्या. सरांनीही चष्मा काढला. मावशी मला कोपरानं ढोसत होती. "काय म्हणती रे? हो म्हणती का न्हाई?"

"मला काय कळतंय, मावशी!"

"मंग कशाचा रे तू भाषांतरवाला?"

फोन ठेवून सरांनी सांगितलं, "आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणालो, मी मुलीकडचा मुराळी. रीतीनं तुमच्या दारात यायला हवं, पण म्हाताऱ्याला विमान झेपत नाही. तुमच्या ओसरीवर बसलोय असं समजा. लेकीला पाठवता का?"

"मग?"

"विचार करते म्हणाल्या."

मावशीनं कपाळाला हात लावला. मलाही वाटलं, सरांनी सोपं काम उगाच अवघड केलं.

सातव्या महिन्यात परळी स्टेशनावर हैदराबादची गाडी थांबली. सुषमा उतरली आणि तिच्यामागून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, विहीणबाई. मावशी ओवाळायला भाकरतुकडा घेऊन पुढे झाली, पण विहीणबाई थेट सरांसमोर गेल्या. सुषमाचा हात त्यांच्या हातात दिला आणि पाठ करून आणलेलं मराठी म्हणाल्या, "मुराळी, तुमची लेक आणली."

सर नुसते सुषमाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

मुलगी झाली. पाळणा धर्मापुरीतच हलला. आपण त्या दिवशी शेवटी कुठलं क्रियापद वापरलं, हे सर अजून सांगत नाहीत, मी मात्र विचारत असतो.

सर, पंच्याहत्तरीचा नमस्कार. ही नात उद्या मोठी होईल, कुठल्या देशात नांदेल कोण जाणे. तिलाही पहिल्या बाळंतपणाला आजोळीच आणायचं, असा मावशीचा आत्ताच हट्ट आहे, आणि मुराळी म्हणून दुसरं कुणी तिला चालणार नाही. तेव्हा सर, गुडघे सांभाळा.