भाताची टोपली

टेकचंदला भात शिजवता येत नाही, एवढ्या एका कारणावरून त्याला पवनीतून उचलून नागपूरकडच्या कुठल्याशा आश्रमात नेऊन टाकायचं ठरत होतं. भात तर त्याच्या भावालाही येत नव्हता, पण त्याला कोणी आश्रमात धाडत नव्हतं. शकुनबाईने हे तोंडावर बोलून दाखवलं, तेही टेकचंदच्या आईच्या तेरवीला, भर पंगतीत. वाढणाऱ्यांचे हात थांबले.

साल एकोणऐंशी. गेलेली शेवंताबाई ही शकुनबाईची भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. तिचा टेकचंद पस्तिशीचा. आकडे त्याच्या डोक्यात टिकत नसत, आजचा वार उद्यापर्यंत राहत नसे. गल्ली त्याला भोळा म्हणायची, चिडली की त्याहून वाईट. पण कोष्ट्यांच्या त्या गल्लीत रहाटावर बसून कांडी भरावी तर त्यानेच. धोट्यात बसणारी ती सुताची नळी त्याच्या हातून कधी सैल सुटली नाही. घरातलं मात्र आईने त्याला काही करूच दिलं नव्हतं. आंघोळीचं पाणी ती काढायची, पायजम्याची नाडी ती बांधायची, ताट ती पुढे ठेवायची. आई गेली आणि पोराचे दोन्ही हात सोबत घेऊन गेली, असं शकुनबाई म्हणायची.

मोठा भाऊ श्यामराव तुमसरला राइस मिलमध्ये कामाला. दोन खोल्यांत पाच माणसं. मनाने वाईट नव्हता, पण धाकट्या भावाचं पुढे काय, या विचारानेच त्याची झोप उडाली होती. शेवटी त्याने दिवाळीपर्यंतची मुदत दिली. टेकचंद एकटा राहून दाखवेल तर राहू दे, मात्र एक जरी तक्रार कानावर आली तर पेटी भरायची आणि न्यायचं. शकुनबाईने पदर खोचला आणि म्हणाली, मंजूर.

ती चौथीसुद्धा शिकलेली नव्हती. विधवा, मागावर बसून घर चालवलेली, आणि भांडणात तिच्यापुढे गल्लीतला पुरुषही टिकायचा नाही. शिकवायची तिची रीत एकच होती. त्याचं काम त्याच्या हातातून घ्यायचं नाही. पहिले पंधरा दिवस तो नाडीची गाठ घालायला अर्धा तास लावायचा. ती दारात बसून सुपारी कातरत राहायची, बोट लावायची नाही. कोणी कळवळून पुढे आलं तर त्याचीच खरडपट्टी निघायची. "तुह्या पोराची नाडी जाऊन बांध," ती म्हणायची. कुलपाची किल्ली लाल सुतात ओवून तिने त्याच्या गळ्यात घातली. आठवडी बाजाराच्या सकाळी ती स्वतःच्या दाराला हिरव्या सुताचा लोंबा बांधायची. तो दिसला की टेकचंद पिशवी घेऊन निघायचा.

अडलं भातापाशी. घड्याळ पाहून उतरव म्हटलं, तर घड्याळ त्याला कळेना. कधी भात कच्चा, कधी खाली लागलेला. मग शकुनबाईला रहाटाचं सुचलं. कांडी भरायला त्याला नेहमी तितकाच वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं. तिने एक लहान टोपली घेतली, भाताला जितका वेळ लागतो तितक्या रिकाम्या कांड्या मोजून तिच्यात टाकल्या. गंजात, म्हणजे भाताच्या पातेल्यात, तांदूळ पडले की त्याने रहाटावर बसायचं, टोपलीतल्या कांड्या भरायच्या, टोपली रिकामी झाली की गंज उतरवायचा. मोजायचं काही नाही.

चार महिने भात मोकळा निघाला. शकुनबाई गल्लीभर सांगत फिरली. मागमालक गोपीचंदला बळेच बसवून तिने टेकचंदच्या हातचा भात खायला घातला. तो खाऊन म्हणाला, "बाई, आमच्या घरच्याहून बरा हाय."

आणि दिवाळी आठ दिवसांवर असताना टेकचंदच्या घरातून काळा धूर निघाला. शेजारच्यांनी बादल्या ओतल्या. जळलं काही नव्हतं, गंज तेवढा करपून कामातून गेला होता. पण गल्लीला बोलायला तेवढं पुरलं. खबर एसटीने तुमसरला पोचली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी श्यामराव रिकामी लोखंडी पेटी घेऊन दारात उभा राहिला.

शकुनबाईचा राग टेकचंदवरच निघाला. कुठं भटकायला गेला होतास, म्हणून तिने त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. टेकचंद खाली मान घालून रहाटापाशी बसलेला.

"गेलो नाई काकी. टोपली रिकामीच नाई झाली."

"काहून नाई झाली? रोज होते न?"

"सूत बारीक होतं."

शकुनबाईचं तोंड उघडंच राहिलं. दिवाळीच्या लुगड्यांसाठी गोपीचंदने कालच बारीक सूत पाठवलं होतं. ते टेकचंदच्या दारात ठेवणारी तीच. बारीक सुताची कांडी भरायला जाड सुताहून किती तरी जास्त वेळ लागतो, हे कोष्ट्याच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. चाळीस वर्षं मागावर काढलेल्या बाईला ते सुचलं नव्हतं.  आयुष्यात कोणापुढे चूक कबूल केली नव्हती, आज अख्ख्या गल्लीपुढे करायची होती.

"श्यामराव, त्याले नोको बोलू," ती म्हणाली. "चूक माही हाय. सूत बदललं अन् टोपली तीच ठेवली मी."

श्यामराव ओरडला नाही. तो म्हणाला, "काकी, आज सूत बदललं. उद्या अजून काही बदलंल. तवा?"

  शकुनबाई उंबऱ्यावर बसली.

टेकचंद उठला. कोणाला काही न विचारता शकुनबाईच्या घरातून गंज घेऊन आला, चूल पेटवली, आधण ठेवलं, पाणी खळखळल्यावर तांदूळ धुऊन टाकले आणि त्याच बारीक सुताची कांडी घेऊन रहाटावर बसला. गल्ली दारात गोळा झाली, त्यात गोपीचंदही. टोपली अर्धीही रिकामी झाली नव्हती तेव्हा तो उठला, पळीने एक शीत काढलं, फुंकलं आणि अंगठा नि बोटामध्ये दाबलं. "कणी हाय," म्हणाला आणि पुन्हा बसला. पुढची कांडी भरून परत उठला. शीत दाबलं. कपड्याने धरून गंज उतरवला. टोपलीत कांड्या तशाच पडलेल्या.

ते दोन बोटांचं दाबणं शकुनबाईने हजारदा पाहिलं होतं. ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, खळ लावून गल्लीभर पाजणी चालायची, तेव्हा खळ शिजली की नाही हे पाहायला सगळे टेकचंदलाच हाक मारायचे. पंधराव्या वर्षापासून. तो चिमटीत खळ घेऊन दाबायचा आणि झाली म्हणाला की झाली.

"हे भाताले करता येते, मंग आधी काहून नाई सांगतलं?" तिने विचारलं.

"तुमी टोपली देल्ली," टेकचंद म्हणाला.

गोपीचंद हसला, आणि शकुनबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो खोकू लागला. मग तिलाही हसू आवरलं नाही.

टेकचंदने भावापुढे ताट ठेवलं. श्यामराव भात आणि वरण जेवला, आणखी भात मागून घेतला. जेवताना त्याने डोळे पुसले, तेव्हा गल्लीने चुलीच्या धुराकडे पाहिलं. आश्रमाचा विषय त्याने काढला नाही. संध्याकाळच्या एसटीला निघताना पेटी उचलायला वाकला, आणि सरळ झाला.

"ठेव ही," तो टेकचंदला म्हणाला. "तांदूळ ठेवाले होईल."

पुढे शकुनबाईने आपली टोपली परत मागितली. टेकचंदने दिली नाही. शहाऐंशी साली तिच्या गुडघ्यांनी दगा दिला, मागावर चढणं सुटलं, तेव्हा सकाळचा भात त्याच्याच घरून यायचा. त्याच टोपलीत गंज बसवून, वर फडकं टाकून. बाजाराच्या सकाळी हिरवा लोंबा बांधायचं मात्र तिने सोडलं नाही. एकदा विसरली, तेव्हा टेकचंद पिशवी घेऊन तिच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काकी, सूत बांधाचं राहिलं तुमचं."