पदचिन्ह क्षेत्र

आमच्या साहेबांना मराठी येत होती, तिथेच सगळी भानगड झाली. येत नसती तर त्यांनी कुणाला तरी विचारलं असतं.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावाबाहेर, इटियाडोह धरणाच्या नहरावर भिजणाऱ्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, आमच्या प्रकल्पाचा उंच लोखंडी मनोरा उभा होता. धानाच्या चिखलातून मिथेन वायू निघतो. वाऱ्यात तो किती आहे हे मनोऱ्यावरचं यंत्र मोजायचं. तो नेमका कुठल्या जमिनीवरून आला, हे मात्र यंत्राला कळत नाही. ते शोधणं माझं काम. वारा सरळ चालत येत नाही, भोवरे खात, वर-खाली होत येतो. त्या गोंधळाचं गणित मांडलं की नकाशावर अंड्यासारखा एक डाग उमटतो. यंत्रापर्यंत पोचलेली हवा साधारण एवढ्या जागेवरची, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत त्याला फूटप्रिंट म्हणतात. वारा फिरला की अंडं फिरतं. दुपारी जमीन तापली की आखूड होतं, हवा निवली की लांबवर पसरतं.

साहेब या विषयातले मोठे तज्ज्ञ समजले जात. त्यांनी माझ्या एकाच नकाशाची रंगीत प्रत काढली, शेतात माणसं पाठवली आणि अंड्याच्या कडेकडेने खुंट्या ठोकून लाल फिती बांधून घेतल्या. वाऱ्याला कुंपण घालणारा शास्त्रज्ञ मी तोवर पाहिला नव्हता. फितीपाशी निळा बोर्ड लागला. शब्दकोशातून खणून काढलेला शब्द त्यावर ठळक अक्षरांत होता: ‘पदचिन्ह क्षेत्र. विनापरवानगी प्रवेश करू नये.’

मी याच जिल्ह्यात, गोंदियात वाढलेला. नागझिरा अभयारण्याच्या जिल्ह्यात सरकारी बोर्डावर पदचिन्ह लिहिलेलं असलं, वर लाल फीत असली, तर ते कुणाचं हे कुणी विचारत बसत नाही.

अंड्याखालची बहुतेक जमीन, मी जिच्या घरी भाड्याने राहायचो त्या काकीची होती. तिची चिखलणी झाली होती, रोपांचे पऱ्हे तयार होते. रोवणीची टोळी ठरल्या दिवशी सकाळी आली, फितीपाशी थांबली, कुणीतरी बोर्ड वाचला आणि सगळ्या बाया आल्या पावली परत गेल्या.

“बाया येऊन नाई रायल्या, बाबू,” काकी म्हणाली. “तुमच्या मशीनीपाशी वाघाचे पाय उमटले म्हणते. तू मले सांगतलं काऊन नाई?”

मी टोळीच्या म्होरक्या बाईकडे गेलो. हवा, यंत्र, अंडं, सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. “सरकारी बोर्ड खोटा अन् तू खरा?” ती म्हणाली. “आमी वाकून रोवून रायलो अन् मागून आला, तं पायनार कोन?”

तिचं काहीच चुकत नव्हतं. मी साहेबांना फोन केला. ते मनापासून हसले.

“अंधश्रद्धा, दुसरं काय. फूट म्हणजे पद, प्रिंट म्हणजे चिन्ह. शब्द अचूक आहे. आणि मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते बोर्डाचं अनावरण व्हायचंय अजून. पाहुणे येईपर्यंत बोर्डाला हात लावू नकोस.”

वाघ ही श्रद्धेची बाब आहे असं वाटायला माणूस फारच लांबच्या शहरात जन्मलेला असावा लागतो. मी त्या शब्दावर चिखल फासला. साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी तो ड्रायव्हरकडून धुवून घेतला.

पाहुण्यांना वेळ मिळेना. पऱ्हे तर कुणासाठी थांबत नाहीत. वेळेवर रोवले नाहीत की ते जून होऊन जागच्या जागी कांडी धरतात, मग रोवूनही फुटवे येत नाहीत. काकी रोज बांधाच्या पाळीवर जायची, एक पऱ्हा उपटून कांडी धरली का ते बोटांनी चाचपायची आणि घरी यायची. मला साहेबांचा इतका राग येई की जेवण जात नसे. शिवाय धान रोवलाच नाही तर मोजायचं काय, हेही त्यांना सुचत नव्हतं. स्वतःच्याच प्रयोगाच्या वाटेत त्यांनी वाघ बसवून ठेवला होता.

शेवटी पाहुणे आले. हार झाले, बोर्डावर त्या दिवसापुरता टांगलेला पडदा सरला, फोटो निघाले. पाहुण्यांनी बोर्ड वाचला, मनोऱ्याकडे बघितलंही नाही, आणि साहेबांना हळूच विचारलं, “वाघ शेवटचा कधी दिसला इथे?”

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाहुण्यांना मात्र ते अंधश्रद्धाळू म्हणाले नाहीत. गाडी वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत त्यांनी बोर्ड उपटायला लावला.

तोवर टोळी दुसऱ्यांच्या बांध्यांत अडकली होती. तिथलं संपवून ती आली आणि काकीचे जून पऱ्हे रोवून गेली. धान विरळ उभा राहिला. मनोऱ्याने आपलं काम चोख केलं. विरळ धानाखालून मिथेन कमी निघाला आणि आलेखावरची रेघ खालून गेली.

नागपूरच्या एका सभागृहात साहेबांनी ती रेघ पडद्यावर दाखवली. या भागातली धानशेती आपण समजतो त्यापेक्षा स्वच्छ आहे, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी मी म्हणालो, “सर, रोवणी उशिरा झाली होती. पीकच कमी होतं.” त्यांनी बिस्किट बुडवलं. “लिही कुठेतरी एका ओळीत.” मी लिहिलं. शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यात ती ओळ नव्हती.

परतलो तेव्हा काकी अंगणात धान पाखडत होती.

“काय निघालं तुमच्या मशीनीत?”

“तुमच्या बांध्यांतला गॅस कमी निघाला. साहेब खूश आहेत.”

तिने सूप खाली ठेवलं. “धान बी कमीच निघाला, बाबू,” ती म्हणाली. “त्याच्यावर बी खूश हायेत काय?”

मी पोत्याचं तोंड धरलं. ती ओतत गेली. घडी घालून ठेवलेलं पुढचं पोतं उघडावं लागलं नाही.